गृहनिर्माण संस्थांची थकबाकी : वसुलीचा कायदा आणि हिशेबाची शिस्त

मुंबईच्या गावदेवी भागात १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. देशातील सहकारी गृहनिर्माणाच्या आरंभीच्या संस्थांमध्ये तिची गणना होते. एकट्याच्या आवाक्यात नसलेले घर अनेकांनी मिळून उभारावे आणि सर्वांनी मिळून सांभाळावे, हे सहकारी गृहनिर्माणाचे मूळ सूत्र आहे. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत हे सूत्र राज्याच्या सर्व भागांत पोहोचले. नोकरदार, शिक्षक, लहान व्यापारी अशा असंख्य कुटुंबांना त्यातून हक्काचे छप्पर लाभले. परंतु इमारत उभी राहिली म्हणजे संस्थेचे काम संपत नाही. खऱ्या अर्थाने ते तेव्हाच सुरू होते. पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे, उद्वाहन, रखवालदार, सफाई, गच्चीची गळती या गोष्टी रोजच्या आहेत आणि त्यांना लागणारा पैसाही रोजचाच आहे. हा पैसा वेळेवर गोळा न होणे हे आज अनेक संस्थांचे मोठे दुखणे होऊन बसले आहे.

थकबाकी वसूल करण्यासाठी राज्याच्या सहकार कायद्याने गृहनिर्माण संस्थांना दिलेला उपाय दुबळा नाही. जमीन महसुलाची थकबाकी ज्या रीतीने वसूल होते, त्याच रीतीने सभासदाकडील येणे वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. तरीही पुष्कळ प्रकरणे वर्षानुवर्षे रखडतात किंवा अर्धवट कागदपत्रांमुळे परत येतात. त्याचे कारण बहुधा कायद्यातील उणिवेत नसून संस्थेच्या दप्तरात असते.

सहा घरांचे देणे, चौतीस घरांवर भार

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित संस्था डोळ्यांपुढे आणू. पाच मजल्यांच्या इमारतीत ४० सदनिका आहेत. प्रत्येक सदनिकेची मासिक आकारणी सरासरी २,५०० रुपये आहे. म्हणजे संस्थेची वर्षाची मागणी १२ लाख रुपये झाली. त्यांपैकी सहा सभासदांनी वर्षभर काहीच भरले नाही, तर १ लाख ८० हजार रुपये, म्हणजे एकूण मागणीच्या १५ टक्के रक्कम, अडकून पडते.

ही तूट कोठे भरून निघते? रखवालदाराचा पगार थांबवता येत नाही आणि वीजबिलाची मुदत कोणासाठी थांबत नाही. मग उद्वाहनाच्या देखभालीचा वार्षिक करार पुढे ढकलला जातो, पाण्याच्या टाकीची सफाई लांबते, गच्चीच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेला निधी चालू खर्चाला वापरला जातो. काही महिन्यांनी उद्वाहन बंद पडते. तेव्हा पाचव्या मजल्यावरील हृदयविकाराच्या रुग्णाला जिना चढावा लागतो. त्याने मात्र आपली रक्कम दरमहा नियमाने भरलेली असते. थकबाकीचा प्रश्न केवळ पैशाचा नसून न्यायाचाही आहे, तो या अर्थाने. सहा घरांनी न दिलेले देणे चौतीस घरे आपल्या सोयी गमावून फेडत असतात. पुढे त्या चौतिसांपैकीही काही जण 'आम्हीच का भरायचे?' असे विचारू लागतात आणि संस्थेचा पाया खचू लागतो.

आकारणी कशी ठरते?

वसुलीची पहिली अट अशी की, मागणी स्वतःच नियमाला धरून असली पाहिजे. आकारणीचे नियम संस्थेच्या नोंदणीकृत उपविधींत दिलेले असतात. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार प्रत्येक बाबीच्या विभागणीचे सूत्र वेगवेगळे आहे आणि ते समजून न घेतल्याने अनेक वाद उद्भवतात.

मालमत्ता कर स्थानिक संस्थेने ज्या सदनिकेवर जितका बसवला असेल तितका घ्यावयाचा असतो. पाणीपट्टीची विभागणी सदनिकेत दिलेल्या नळजोडण्यांची संख्या व आकार यांवरून होते. रखवालदार व सफाई कामगारांचे वेतन, सामाईक वीज, छपाई, लेखनसामग्री यांसारखा सेवाखर्च सदनिकांच्या संख्येने भागून सर्वांना सारखा लावला जातो; मोठ्या सदनिकेला अधिक आणि लहान सदनिकेला कमी असा चौरस फुटांचा हिशेब तेथे लागू होत नाही. उद्वाहनाचा खर्चही त्या इमारतीतील सर्व सभासदांनी सारखाच द्यावयाचा असतो, मग कोणी उद्वाहन वापरो अथवा न वापरो. २०१४ च्या आदर्श उपविधींत दुरुस्ती व देखभाल निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि निक्षेप निधीसाठी, म्हणजेच सिंकिंग फंडासाठी, किमान ०.२५ टक्के इतके वार्षिक प्रमाण सांगितले आहे. सदनिका भाड्याने दिली असल्यास बिनभोगवटा शुल्क लागते; तथापि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये.

ज्या बाबींचे दर सर्वसाधारण सभेने ठरवावयाचे असतात, त्यांसाठी सभेचा ठराव आवश्यक आहे. चिटणिसाने किंवा अध्यक्षाने परस्पर वाढवलेली रक्कम सभासदाने नाकारली, तर त्याला सरसकट थकबाकीदार म्हणता येत नाही. म्हणून वार्षिक सभेचे इतिवृत्त, त्यातील ठरावाचा क्रमांक व दिनांक आणि दराचा तक्ता ही वसुलीच्या प्रकरणाची पायाभूत कागदपत्रे होत.

थकबाकीदार सारे एकसारखे नसतात

वरील संस्थेतील सहा सभासदांकडे जरा निरखून पाहिले, तर त्यांची कारणे निरनिराळी असल्याचे आढळेल.

पहिल्या सदनिकेतील कर्त्या पुरुषाचे निधन झाले आहे आणि पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन अद्याप सुरू झालेले नाही. दुसऱ्या सभासदाच्या छतातून पाणी झिरपते. दुरुस्ती होईपर्यंत पैसे देणार नाही, असा त्याचा पवित्रा आहे. तिसरी सदनिका कुलूपबंद आहे, कारण वारसांचे आपसांत जमत नाही. चौथ्याने सदनिका भाड्याने दिली असून तो स्वतः परगावी राहतो आणि मागणीची बिले भाडेकरूच्या हाती पडून राहतात. पाचवा तळमजल्यावर राहतो. उद्वाहनाचा खर्च आपल्यावर का, हा त्याचा प्रश्न आहे. सहावा सभासद सधन आहे, त्याची कोणतीही तक्रार नाही; त्याला फक्त द्यावयाचे नाही.

या सहाही जणांना एकाच छापाची धमकीवजा नोटीस पाठवणे हा उपाय नव्हे. पहिल्या कुटुंबाशी समितीच्या दोन वडीलधाऱ्या सदस्यांनी घरी जाऊन बोलावे आणि रीतसर ठराव करून हप्ते बांधून द्यावेत. पाचव्याला उपविधीतील तरतूद दाखवली, तर बहुधा वाद तेथेच मिटेल. चौथ्याच्या कायमच्या पत्त्यावर थेट मागणी गेली पाहिजे. तिसऱ्या सदनिकेच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती आणि ज्ञात असलेले सर्व वारस यांना लेखी कळवावे लागेल.

दुसऱ्या सभासदाचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. गळतीची त्याची तक्रार खरी असू शकते आणि तिची दखल घेणे हे समितीचे कर्तव्यच आहे. परंतु तक्रार आहे म्हणून देणे थांबवण्याचा अधिकार सभासदाला मिळत नाही. त्याने आपला आक्षेप लेखी नोंदवून रक्कम भरावी आणि गळतीसंबंधी स्वतंत्रपणे दाद मागावी. संस्था व सभासद यांच्यातील वादांसाठी कायद्याच्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयाची वाट खुली आहे. समितीनेही अशा सभासदाची वसुली करताना त्याच्या तक्रारीची पाहणी करून लेखी उत्तर दिलेले असावे. पुढे सुनावणीत हा कागद फार मोलाचा ठरतो.

व्याजाचा हिशेब

अर्ज परत येण्याचे आणि सभासद चिडण्याचे एक मोठे कारण म्हणजे चुकीने लावलेले व्याज. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकलेल्या रकमेवर द.सा.द.शे. २१ पेक्षा अधिक नाही अशा दराने सरळ व्याज आकारण्याची तरतूद आहे. प्रत्येक संस्थेने आपल्या लागू असलेल्या उपविधीतील मर्यादा आणि सभेने मंजूर केलेला दर पाहूनच आकारणी करावी. चक्रवाढ व्याज लावता येत नाही.

समजा, एका सभासदाने एप्रिल ते मार्च असे बारा महिने दरमहा २,५०० रुपये दिले नाहीत आणि प्रत्येक महिन्याची रक्कम त्या महिन्याच्या अखेरीस देय होती. मार्चअखेर हिशेब केला, तर एप्रिलच्या रकमेवर ११ महिन्यांचे, मेच्या रकमेवर १० महिन्यांचे, याप्रमाणे उतरत जाऊन मार्चच्या रकमेवर काहीच व्याज येत नाही. या सर्व महिन्यांची बेरीज ६६ होते. वार्षिक २१ टक्के म्हणजे दरमहा पावणेदोन टक्के. २,५०० रुपयांवर ते ४३ रुपये ७५ पैसे होतात. ६६ महिन्यांचे व्याज २,८८७ रुपये ५० पैसे आले.

अनेक ठिकाणी मात्र वर्षाची एकूण थकबाकी ३०,००० रुपये धरून तिच्यावर सरसकट २१ टक्के, म्हणजे ६,३०० रुपये व्याज लावले जाते. हा आकडा खऱ्या व्याजाच्या दुपटीहून अधिक आहे. पुढच्या वर्षी मुद्दल व व्याज एकत्र करून पुन्हा व्याज लावले, की हिशेब पूर्णपणे बिघडतो. खरे देणे असलेला सभासद मग या एका चुकीवर बोट ठेवून सारी मागणीच खोटी असल्याचे सांगू लागतो. मुद्दल आणि व्याज यांचे रकाने खतावणीत वेगळे ठेवणे, प्रत्येक भरण्याची पावती देणे आणि दरवर्षी लेखापरीक्षणाच्या वेळी सभासदनिहाय येणे तपासून घेणे, एवढी शिस्त पाळली तरी निम्मे वाद उद्भवणार नाहीत.

मागणीपासून नोटिशीपर्यंत

ठरलेल्या मुदतीत बिल भरले गेले नाही, तर प्रथम स्मरणपत्र आणि त्यानंतर लेखी मागणी नोटीस द्यावी. नोटिशीत कालावधी, मुद्दल, व्याज, त्याचा दर आणि भरण्याची अंतिम तारीख स्पष्ट लिहावी. ती सभासदाच्या हाती देऊन पोच घ्यावी किंवा पोच मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावी. नोटीस स्वीकारण्यास नकार मिळाल्यास तशी नोंद साक्षीदारांच्या स्वाक्षरीने ठेवावी. तोंडी आठवणी कितीही दिल्या असल्या, तरी कागदावाचून त्यांना किंमत नाही.

लेखी नोटीस मिळाल्यावर तीन महिन्यांत देणे न फेडणारा सभासद कायद्याच्या दृष्टीने कसूरदार ठरतो आणि व्यवस्थापक समितीवर निवडून येण्यास किंवा राहण्यास अपात्र होतो. समितीच्या सदस्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण कित्येक संस्थांत थकबाकीदारांच्या यादीत समितीतीलच नावे सापडतात. स्वतः थकबाकीत असलेल्याने दुसऱ्याकडे मागणी करावी, यासारखा वसुलीला मारक प्रकार दुसरा नाही.

निबंधकांकडे अर्ज

नोटिशीनंतरही रक्कम आली नाही, तर संस्थेने संबंधित उपनिबंधक किंवा सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये हे अर्ज होत आले. २०१९ च्या सुधारणेने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण अधिनियमात समाविष्ट झाले असून त्यातील कलम १५४ब-२९ मध्ये ही तरतूद केलेली आहे. या मार्गाने देखभाल व सेवाशुल्काच्या वसुलीसाठी सहकार न्यायालयात दावा लावण्याची गरज राहत नाही.

अर्जासोबत सामान्यतः पुढील कागद जोडावे लागतात : अर्ज करण्याविषयी समितीचा ठराव, दर मंजूर करणाऱ्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची प्रत, उपविधीतील संबंधित तरतुदींचा उतारा, सभासदाच्या खात्याचा महिनावार उतारा, मुद्दल व व्याजाचे स्वतंत्र विवरण, बिलांच्या व नोटिशींच्या प्रती आणि त्यांच्या पोचा, लेखापरीक्षण अहवालातील येणे बाकीची यादी, तसेच विहित चौकशी शुल्क भरल्याचे चलन.

अर्ज दाखल झाल्यावर निबंधक सभासदाला नोटीस काढून त्याचे म्हणणे ऐकतात. ही सुनावणी म्हणजे केवळ उपचार नव्हे. सभासदाने भरलेली एखादी रक्कम जमा दाखवायची राहिली असेल, तर ती येथेच उघड होते. योग्य चौकशीनंतर जी रक्कम येणे ठरते, तिचा वसुली दाखला दिला जातो. हा दाखला त्या थकबाकीचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते.

दाखल्याविरुद्ध सभासदाला कलम १५४ अन्वये पुनरीक्षण अर्ज करता येतो. निर्णय कळल्यापासून दोन महिन्यांच्या आत तो करावा लागतो आणि त्यासाठी वसुलीयोग्य रकमेच्या ५० टक्के रक्कम संस्थेकडे जमा करावी लागते. केवळ वेळ काढण्यासाठी वरच्या पायरीवर जाण्यास या तरतुदीने आळा बसतो; त्याचबरोबर खऱ्या अन्यायाविरुद्ध दाद मागण्याचा हक्कही शाबूत राहतो.

दाखल्यानंतरची वाट

पुष्कळ संस्था दाखला मिळाला की काम झाले असे समजतात. वस्तुतः दाखला म्हणजे वसुली नव्हे, वसुलीचा अधिकार आहे. त्याची अंमलबजावणी कलम १५६ आणि १९६१ च्या नियमावलीतील नियम १०७ यांनुसार वसुली अधिकाऱ्यामार्फत होते. प्रथम मागणी नोटीस बजावली जाते. तरीही भरणा न झाल्यास जंगम मालमत्तेची आणि आवश्यक तर स्थावर मालमत्तेची, म्हणजे सदनिकेचीही, जप्ती होऊ शकते. त्यानंतर उद्घोषणा करून जाहीर लिलावाने विक्री करण्यापर्यंत हा अधिकार जातो.

सदनिकेच्या लिलावाची पाळी येऊ नये, हेच सर्वांच्या हिताचे आहे. काही हजारांच्या देण्यापायी कुटुंबाचे राहते घर पणाला लागणे ही सभासदाची शोकांतिका होय आणि संस्थेलाही ती भूषणावह नाही. म्हणून जप्तीच्या प्रत्येक टप्प्यावर हप्त्याने भरणा करण्याची संधी समितीने मोकळी ठेवावी. मात्र दिलेली मुदत लेखी असावी आणि ती मोडली गेल्यास कारवाई पुढे जावी. वर उल्लेखिलेल्या सहा सभासदांपैकी पाच जणांचा प्रश्न बोलणी, स्पष्टीकरण आणि हप्ते यांनी सुटू शकतो. कायद्याची ही संपूर्ण वाट खऱ्या अर्थाने सहाव्यासाठी आहे.

काय टाळावे?

वसुलीच्या उत्साहात काही समित्या थकबाकीदाराचे पाणी तोडतात, उद्वाहन वापरण्यास मनाई करतात किंवा मुलांना आवारात खेळू देत नाहीत. ही वर्तणूक सर्वथा गैर आहे. पाणी ही जीवनावश्यक गोष्ट आहे आणि ती तोडून पैसे वसूल करण्याचा अधिकार उपविधींनी समितीला दिलेला नाही. अशा कृतीने वाजवी येणे असलेली संस्थाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते आणि मूळ थकबाकी बाजूला पडते. कायद्याचा पुरेसा उपाय हाती असताना दंडेलीचा आश्रय घेण्याचे कारण नाही.

तसेच थकबाकी चार-पाच वर्षे साचू देणेही टाळावे. तीन महिन्यांचे देणे सभासद एका पगारात फेडू शकतो. पाच वर्षांचे देणे पाहून तो फेडण्याचा विचारच सोडून देतो. जुन्या काळातील पावत्या सापडत नाहीत, चिटणीस बदललेले असतात आणि हिशेब जुळत नाही. दर तिमाहीस समितीच्या सभेत थकबाकीची यादी वाचली जावी आणि प्रत्येक नावापुढे काय कार्यवाही झाली याची नोंद इतिवृत्तात यावी.

शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांचा वाटा

शहरांच्या सीमेवरील अनेक गावांत आता बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची मागणी, नोटीस आणि वसुली या क्रमाशी पंचायत सदस्य परिचित असतात. संस्थेच्या वसुलीतही तोच विवेक लागतो : आकारणी नियमाला धरून, मागणी लेखी, मुदत पुरेशी आणि कारवाई सर्वांना सारखी. गावच्या हद्दीत नव्याने आलेल्या संस्थांच्या चालकांना सहायक निबंधकांच्या कार्यालयाची वाट दाखवणे, एवढे साह्यही मोलाचे ठरेल.

गृहनिर्माण संस्थांच्या चिटणीस व खजिनदारपदाची जबाबदारी पुष्कळदा सेवानिवृत्त शिक्षक व शासकीय कर्मचारी सांभाळतात. हे काम बहुधा विनामोबदला आणि शेजाऱ्यांचा रोष पत्करून करावे लागते. दप्तर नेटके ठेवण्याची त्यांची सवय संस्थेचे मोठेच भांडवल आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे योग्य होईल की, हा सारा विचार सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांपुरता आहे. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालील संघांची रचना निराळी असल्याने त्यांनी आपल्या घोषणापत्रातील व उपविधींतील तरतुदी पाहूनच पाऊल उचलावे.

थकबाकीची वसुली निबंधकांच्या कार्यालयात सुरू होत नाही. तिचा प्रारंभ सर्वसाधारण सभेत दर ठरतो त्या दिवशी, पावतीपुस्तकाच्या पहिल्या पानावर होतो. सभेत खर्चाचा तपशील मोकळेपणाने मांडला गेला, आकारणी सर्वांना समजली आणि हिशेबात पैशाचाही फरक नाही अशी खात्री पटली, तर बहुसंख्य सभासद आपले देणे आपण होऊन देतात. उरलेल्या थोड्यांसाठी कायदा समर्थ आहे. तो वापरताना हात स्वच्छ असावेत आणि कागद पुरे असावेत, म्हणजे नियमाने पैसे भरणाऱ्या पाचव्या मजल्यावरील त्या रुग्णाला उद्वाहनाअभावी जिना चढण्याची वेळ येणार नाही.